फ्रान्सच्या खेड्यांतून संथ मोटारप्रवास : मार्ग कसा आखावा?

प्रश्न : वाटसरू

नमस्कार. येत्या जून महिन्यात मी आणि माझी पत्नी फ्रान्सच्या ग्रामीण भागात १३ रात्रींचा मोटारप्रवास करणार आहोत. पॅरिस आम्ही पूर्वी पाहिलेले असल्यामुळे या वेळी मोठ्या शहरांना पूर्णपणे फाटा द्यावा, भाड्याची गाडी घ्यावी आणि दगडी घरांची लहान गावे, नदीकाठ, आठवडी बाजार यांच्यात रमावे, असे आम्हा दोघांच्याही मनात आहे. मी साठीला टेकलो आहे आणि पत्नी माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे. दोघांनाही चालण्याची सवय आहे, परंतु रोज बॅगा भरणे आणि रोज नव्या खोलीत उतरणे आता नकोसे वाटते.

मी हौसेने जो आराखडा तयार केला, त्यात आल्सासमधील रिक्वीर, लुआर नदीकाठची दोन गावे, दॉर्दोन्य खोऱ्यातील चार गावे, कोंक आणि शेवटी प्रोव्हान्समधील गोर्द व रूसियों अशी १० ठिकाणे आहेत. पत्नीने तो कागद शांतपणे वाचला आणि म्हणाली, ‘यात निवांतपणा नेमका कोणत्या दिवशी आहे, ते मला दाखवा.’ मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून तो कागद तसाच टेबलावर पडून आहे.

माझे प्रश्न पुढीलप्रमाणे आहेत. एकच प्रदेश निवडायचा झाल्यास कोणता निवडावा? मुक्काम आधी ठरवावेत, की जिथे मन रमेल तिथे थांबण्याची मोकळीक ठेवावी? उजव्या बाजूने गाडी चालवण्याचा मला अनुभव नाही, तर लहान रस्त्यांवर कोणत्या गोष्टी सांभाळाव्या लागतात? आणि पत्नी शाकाहारी आहे (दूध, चीज चालते, अंडेही चालते), तिची खेड्यात आबाळ होईल का? ज्यांनी स्वतः असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


प्रतिसाद १ : नदीकाठ

वहिनींचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर नकाशातच आहे. रिक्वीर जर्मनीच्या सीमेलगत आणि गोर्द दक्षिणेकडे, या दोहोंमध्ये ६०० किलोमीटरांहून अधिक अंतर आहे, आणि दॉर्दोन्य तर पार नैर्ऋत्येला आहे. ही तिन्ही टोके १३ रात्रींत जोडायची म्हटली, तर प्रवासाचा मोठा भाग टोलच्या महामार्गांवर जाईल, आणि महामार्गावरून खेडे दिसत नाही, फक्त त्याच्या नावाची तपकिरी पाटी दिसते.

मी व माझी पत्नी आतापर्यंत दोन वेळा गाडीने फ्रान्समध्ये फिरलो आहोत. पहिल्या वेळी तुमच्यासारखाच लांबलचक आराखडा केला होता आणि दुसऱ्या वेळी फक्त दॉर्दोन्य आणि लॉत या दोन नद्यांची खोरी घेतली. आज आठवणी निघतात त्या सगळ्या दुसऱ्या प्रवासाच्या. म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी की, पॅरिसहून रेल्वेने बोर्दोला यावे (अतिवेगवान गाडीने सुमारे दोन तास लागतात), तिथे स्थानकावरच गाडी ताब्यात घ्यावी आणि संपूर्ण प्रवासात दोनच मुक्काम ठेवावेत. पहिल्या सात रात्री सार्ला गावाच्या आसपास आणि पुढच्या सहा रात्री फिजाकच्या आसपास.

सार्लापासून १५ किलोमीटरांच्या आत ला रोक-गाजाक, बेनाक, कास्तेलनो आणि दोम ही चारही गावे येतात. ला रोक-गाजाकची घरे कड्याला पाठ टेकून नदीकडे तोंड करून उभी आहेत आणि तिथून गाबार नावाच्या सपाट बुडाच्या नावेतून नदीवर तासभर फिरून येता येते. बेनाक आणि कास्तेलनो येथील किल्ले नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर नजर ठेवून आहेत. शंभर वर्षांच्या युद्धात बेनाक फ्रेंचांच्या बाजूचे होते आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे होते. दोन्हींच्या मध्ये असलेल्या मार्केसाक बागेच्या टोकावर उभे राहिले की नदीचे वळण आणि हे सगळे एका नजरेत येते, आणि पाठ्यपुस्तकात रुक्ष वाटलेले ते युद्ध शेजाऱ्याशेजाऱ्यांमधले होते, हे पहिल्यांदा कळते. त्या बागेत दीड लाखांहून अधिक बॉक्सवूडची झुडपे हाताने छाटून गोलाकार केलेली आहेत.

एक दिवस मोंपाझिएसाठी ठेवावा आणि तो शक्यतो गुरुवार असावा, कारण त्या दिवशी तिथे बाजार भरतो. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८४ साली वसवलेले हे गाव आहे. सरळ रेषेत आखलेले रस्ते, मध्यभागी कमानींनी वेढलेला चौक आणि चौकाच्या एका कडेला लाकडी छपराची बाजारपेठ, अशी रचना आहे. तिथे एक गोष्ट मुद्दाम पाहावी. घराघरांमध्ये एका माणसालाही धड शिरता येणार नाही एवढी अरुंद फट सोडलेली आहे. तिला आंद्रोन म्हणतात. एका घराला लागलेली आग शेजारच्या घरापर्यंत पोहोचू नये आणि पावसाचे पाणी वाहून जावे, म्हणून ती ठेवलेली होती. आम्ही त्या फटीत डोकावून पाहिले, तेव्हा आतून ओल्या दगडाचा गार वास आला आणि पलीकडच्या टोकाला उन्हाची एक उभी रेघ दिसली.

प्रागैतिहासिक चित्रांविषयीही लिहितो. लास्कोची गुहा १९४० साली सापडली आणि पर्यटकांच्या श्वासामुळे व त्यांच्याबरोबर आलेल्या सूक्ष्म जिवांमुळे चित्रांची हानी होऊ लागल्याने १९६३ साली ती लोकांसाठी बंद करण्यात आली. आज मोंतिन्याक येथे जी पाहायला मिळते, ती २०१६ साली खुली झालेली संपूर्ण प्रतिकृती आहे. ती उत्तम आहे आणि अवश्य पाहावी, परंतु मूळ चित्रे पाहण्याची इच्छा असेल, तर दुसऱ्या मुक्कामाहून काब्रेरे गावाजवळच्या पेश मेर्ल गुहेत जावे. तिथे रोज ठरावीक संख्येनेच लोकांना आत सोडतात, त्यामुळे तिकीट आधी काढावे लागते. ठिपक्यांचे दोन घोडे आणि त्यांच्याभोवती उमटवलेले हाताचे ठसे पाहताना आमच्या गटात कोणीही बोलत नव्हते.

फिजाक हे शांपोलियोंचे जन्मगाव आहे, ज्यांनी १८२२ साली इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा केला. त्यांच्या घराला लागून लिपींचे संग्रहालय आहे आणि मागच्या चौकात त्या उलगड्याला आधार ठरलेल्या रोझेटा शिळेची भलीमोठी काळ्या ग्रॅनाइटची प्रतिकृती जमिनीवर पसरलेली आहे. लोक तिच्यावरून चालतात, मुले तिच्या पायऱ्यांवर बसून खातात. फिजाकहून रोकामादूर, सां-सिर्क-लापोपी आणि कोंक ही तिन्ही ठिकाणे सुमारे तासाभराच्या अंतरावर आहेत. आल्सास आणि प्रोव्हान्स मनातून काढून टाकणे अवघड जाईल, याची मला कल्पना आहे. आम्हालाही गेले होते.


प्रतिसाद २ : उजवीकडून

मी कामानिमित्त काही वर्षे फ्रान्समध्ये राहिलो आहे, म्हणून फक्त गाडी चालवण्याविषयी लिहितो.

भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना जवळ असावा आणि दोन्हींच्या मूळ प्रती गाडीत ठेवाव्यात. गाडी राखून ठेवताना गिअर आपोआप बदलणारी गाडी हवी असल्याचे आवर्जून नोंदवावे, कारण तिकडे हाताने गिअर बदलण्याच्या गाड्या अजूनही सर्रास दिल्या जातात. उजव्या बाजूने चालवण्याची सवय नसताना उजव्या हाताने गिअर बदलण्याचा भार डोक्यावर घेऊ नये. गाडी लहान घ्यावी. दोन माणसे आणि दोन बॅगा यांना लहान गाडी पुरते, आणि तेराव्या शतकातील गल्लीत आरसे मिटून गाडी काढायची वेळ आली की तिचे मोल कळते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो, कारण बाहेरून आलेल्या चालकांचा घात बहुतेकदा इथेच होतो. फ्रान्समध्ये पाटी किंवा रेघ नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे लागते. तुम्ही गावातल्या मुख्य रस्त्यावर असाल आणि उजवीकडच्या बोळातून एखादी जुनी गाडी न थांबता पुढे आली, तर चूक तिची नसते, तुमची असते. पिवळ्या रंगाचा चौकोन, म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला, पांढऱ्या काठाचा, अशी पाटी दिसली की तुमच्या रस्त्याला अग्रक्रम आहे असे समजावे. त्याच पाटीवर तिरकी काळी रेघ असेल, तर तो अग्रक्रम तिथे संपला. लाल त्रिकोणात काळी फुली असेल, तर पुढच्याच चौकात उजवीकडच्याला वाट द्यायची आहे. गोल चौकात मात्र आधीपासून आत असलेल्या वाहनाला अग्रक्रम असतो. तिथे बाहेर पडण्याचा रस्ता चुकला, तर घाबरून मध्येच वळू नये, आणखी एक फेरी मारावी. त्याला कोणीही हसत नाही.

वेगमर्यादेची पाटी प्रत्येक ठिकाणी नसते, ती मनात धरून चालावी लागते. लाल काठाच्या पांढऱ्या पाटीवर गावाचे नाव दिसले की तिथून ताशी ५० किलोमीटर लागू होतात, वेगळा आकडा लिहिलेला असो वा नसो. त्याच नावावर लाल तिरकी रेघ दिसली की गाव संपले. गावांमधल्या दुपदरी रस्त्यांवर २०१८ पासून ८० ची मर्यादा आहे. काही जिल्ह्यांनी आपल्या काही रस्त्यांवर ती पुन्हा ९० केली आहे, तिथे तशी पाटी असते. महामार्गावर कोरड्या हवेत १३० आणि पावसात ११०. वेग टिपणारे कॅमेरे सगळीकडे आहेत, आणि दंडाखेरीज गाडी देणारी कंपनी तुमचे नाव कळवण्याचे शुल्क वेगळे कापून घेते. रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. काओरच्या परिसरातून जाताना द्राक्षमळ्यांत चव घेण्याचे आमंत्रण मिळेल, तेव्हा बाटली विकत घेऊन संध्याकाळी मुक्कामी उघडणे उत्तम.

इंधनाबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका रविवारी दुपारी अर्ध्याहून खाली आलेल्या टाकीकडे मी दुर्लक्ष केले. संध्याकाळी ज्या गावात पोहोचलो, तिथला पंप बिनमाणसांचा होता आणि त्याने माझी दोन्ही कार्डे नाकारली. पंपाच्या पलीकडे एक आजी झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी हातातली झारी खाली ठेवली, पाकिटाच्या पाठीमागे पुढच्या मोठ्या गावाचा नकाशा काढून दिला आणि चढावर गाडी सावकाश न्यायला सांगितली. पोहोचलो, परंतु ते १४ किलोमीटर मला आजही आठवतात. तेव्हापासून शनिवारी टाकी भरून ठेवतो आणि पिन क्रमांक लागणारे कार्ड जवळ बाळगतो. पंपावर कार्ड घातल्यावर खात्यातील मोठी रक्कम काही काळ अडकून पडते, हेही लक्षात असू द्यावे. डिझेलला तिकडे गाझोल म्हणतात. भाड्याच्या गाडीत काय भरायचे, ते झाकणाच्या आतल्या बाजूस लिहिलेले असते, तिथे पाहूनच नळी उचलावी.

मार्गदर्शक यंत्राला ‘सर्वांत जवळचा मार्ग’ विचारू नये, ते शेतातल्या वाटेवर नेऊन सोडते. त्यापेक्षा मिशलँ कंपनीचा कागदी नकाशा घ्यावा. त्यावर ज्या रस्त्यांच्या कडेला हिरवी रेघ असते, ते रस्ते निसर्गदृष्ट्या रमणीय असतात. वहिनींनी मांडीवर नकाशा घेऊन फक्त हिरव्या रेघा सांगत जावे, तुम्ही चालवत जावे. माझ्या मते याहून चांगला मार्ग आखण्याची दुसरी पद्धत नाही.


प्रतिसाद ३ : हिरवीभाजी

मी जन्मापासून शाकाहारी आहे आणि याच भागात दहा दिवस काढलेले आहेत, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला मनापासून द्यावेसे वाटते. आबाळ होणार नाही, परंतु ती आपोआप टळणारही नाही.

अडचण मांसाची नसून चरबीची आहे. पेरिगोर, म्हणजे सार्लाच्या आसपासचा भाग, हा बदकांचा आणि हंसांचा प्रदेश आहे आणि तिथल्या स्वयंपाकात तेलाच्या जागी बदकाची चरबी वापरतात. पोम सार्लादेझ नावाचा लसूण घातलेला बटाट्याचा पदार्थ यादीत वाचून कोणालाही शाकाहारी वाटेल, पण तो बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीतच परततात. पहिल्याच संध्याकाळी मी तो मागवला होता आणि दोन घास खाल्ल्यानंतर मला हे कळले. त्यानंतर एक वाक्य कागदावर लिहून घेतले आणि प्रत्येक ठिकाणी आधी तेच दाखवले: ‘झ स्वी वेजेतारिएन, नी व्यांद, नी प्वासों, नी ग्रेस द कानार.’ म्हणजे मी शाकाहारी आहे, मांस नको, मासे नकोत, बदकाची चरबी नको. हे वाचल्यावर बहुतेक ठिकाणी आतून स्वयंपाकी स्वतः बाहेर आला आणि काय करून देता येईल ते त्याने विचारले. गरम शेळीच्या चीजचे सॅलड जवळजवळ सगळीकडे मिळते, मात्र त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालण्याची पद्धत आहे, म्हणून ‘सां लार्दों’ असे सांगावे. ऑम्लेट सांगताना ते लोण्यात करा, असे सांगावे. सूपचे पाणी मांसाचे असू शकते. अनेक पारंपरिक चीजमध्ये प्राणिज विरजण असते, हे वहिनींना आधी माहीत असलेले बरे, म्हणजे त्यांना स्वतःचा निर्णय स्वतः घेता येईल.

वेळेचा प्रश्न मात्र सर्वांनाच लागू आहे. दुपारचे जेवण १२ ते २ या वेळेतच मिळते, आणि पावणेदोनला दार ढकलले तर नम्रपणे नकार मिळतो. रविवारी रात्री आणि सोमवारी पुष्कळ खानावळी बंद असतात. त्या दिवसांसाठी घरात काही आणून ठेवावे.

यावरचा खरा उपाय म्हणजे स्वयंपाकघर असलेले घर घेणे. तिकडे त्याला जीत म्हणतात. सार्लाचा बाजार बुधवारी व शनिवारी भरतो आणि जूनमध्ये तिथे स्ट्रॉबेरी, चेरी, कोवळे वाटाणे, अक्रोड, अक्रोडाचे तेल आणि रोकामादूर नावाचे, हाताच्या तळव्यात मावेल एवढे, ३५ ग्रॅमचे शेळीच्या दुधाचे चीज मिळते. आमचे रोजचे रात्रीचे जेवण म्हणजे पाव, ते चीज, वर अक्रोडाचे तेल घातलेले टोमॅटो आणि फळे, एवढेच होते.

पावाच्या दुकानाविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. सकाळी साडेसातला मी एकटी चालत जात असे. दुकान एवढेसे होते की चार माणसे उभी राहिली की पाचव्याला दाराबाहेर थांबावे लागे. आत येणारा प्रत्येक जण कोणा एकाला नव्हे, तर सगळ्या दुकानाला ‘बाँझूर’ म्हणत असे आणि सगळे दुकान त्याला उत्तर देत असे. तिसऱ्या दिवशी मीही तसे म्हटले. बाई विचारत, जास्त भाजलेला हवा की कमी? मग पावाच्या फक्त मधल्या भागाला कागदाची एक पट्टी गुंडाळून हातात देत, दोन्ही टोके उघडीच. घरी पोहोचेपर्यंत एक टोक संपलेले असे. ‘त्रादिस्यों’ नावाचा पाव मागावा. १९९३ च्या सरकारी आदेशानुसार या नावाने विकल्या जाणाऱ्या पावाचे पीठ गोठवता येत नाही आणि त्यात कृत्रिम पदार्थ घालता येत नाहीत. तिकडे दुकानात शिरताना ‘बाँझूर’ न म्हणणे हे उद्धटपणाचे समजले जाते, हे अवश्य लक्षात ठेवावे. भाषा येत नसली तरी चालते, पण हा एक शब्द राहिलेला चालत नाही.


वाटसरू

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. हे तिन्ही प्रतिसाद मी पत्नीला मोठ्याने वाचून दाखवले. आंद्रोनविषयी ऐकताना तिने मला दोनदा थांबवले. आल्सास आणि प्रोव्हान्स मी वगळले आहेत. आता दोन शंका उरल्या आहेत. सगळे मुक्काम आधी ठरवले, तर मोकळीक उरते का? आणि फ्रान्सच्या ‘सर्वांत सुंदर गावां’ची जी यादी आहे, तिच्यावर कितपत विसंबावे? याशिवाय पत्नीची झोप अतिशय सावध आहे. गावाच्या मध्यभागी घर घ्यावे, की बाहेर?


प्रतिसाद ४ : नदीकाठ

मुक्काम आधीच ठरवावे लागतील, कारण शेंगेन व्हिसाच्या अर्जाबरोबर राहण्याच्या सोयीचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण दाखवावे लागते. परंतु याचा निवांतपणाशी विरोध येत नाही. मोकळीक रात्रीच्या मुक्कामात शोधण्यापेक्षा दिवसात शोधावी. सात रात्री एकाच घरात असलात, तर पाऊस पडला म्हणून बाहेर न पडण्याचे आणि आवडले म्हणून त्याच गावात तिसऱ्यांदा जाण्याचे स्वातंत्र्य मिळते. आम्ही बेनाकला तीन वेळा गेलो आणि किल्ल्याच्या आत फक्त एकदा.

पहिला मुक्काम जीतमध्ये करावा आणि दुसरा शांब्र दोत प्रकारात, म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या घरी. कायद्याने अशा घरात पाचांहून अधिक खोल्या आणि १५ हून अधिक पाहुणे ठेवता येत नाहीत आणि सकाळची न्याहारी भाड्यातच धरलेली असते. काही घरी ताब्ल दोतची सोय असते, तेव्हा रात्रीचे जेवण यजमानांबरोबर एकाच मोठ्या टेबलावर होते. वहिनींच्या आहाराविषयी खोली ठरवतानाच लिहून कळवावे. आमच्या यजमानीणबाईंनी माझ्या पत्नीसाठी आलिगो, म्हणजे उकडलेल्या बटाट्यात ताजे चीज घोटून केलेला तारेसारखा ओढला जाणारा पदार्थ केला होता. तो घोटायला त्यांना वीस मिनिटे लागली आणि शेवटची पाच मिनिटे त्यांनी लाकडी चमचा माझ्या पत्नीच्या हातात दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मनगट दुखू लागले की चमचा परत घेतला जाई.

यादीविषयी माझे मत असे. ही यादी करणारी संस्था १९८२ साली सुरू झाली, कोलोंज-ला-रूज या लाल दगडांच्या गावाचे तेव्हाचे महापौर शार्ल सेराक यांच्या पुढाकाराने. गावाची वस्ती २,००० च्या आत असावी आणि तिथे किमान दोन संरक्षित वास्तू किंवा स्थळे असावीत, अशा तिच्या अटी आहेत. त्यामुळे यादीतले गाव निराशा करत नाही. मात्र यादीमुळेच तिथे दुपारी गर्दी असते. जूनमध्ये साडेनऊनंतरही उजेड असतो. म्हणून दुपार झोपेत किंवा नदीकाठी घालवावी आणि अशा गावांत संध्याकाळी सहानंतर जावे, तेव्हा पर्यटकांच्या बसगाड्या निघून गेलेल्या असतात. कोंकला तर एक रात्र राहूनच यावे, त्यासाठी फिजाकच्या सहा रात्रींतली एक कमी केली तरी हरकत नाही. तिथल्या मठाच्या चर्चच्या दारावर शेवटच्या निवाड्याचे बाराव्या शतकातील शिल्प आहे, त्यात १२४ आकृत्या आहेत, आणि सायंकाळचे ऊन त्या शिल्पावर तिरके पडते. आतल्या काचा मात्र आजच्या काळातल्या आहेत. चित्रकार प्येर सूलाज यांनी केलेल्या आणि १९९४ साली बसवलेल्या या काचांना रंगच नाही, तरी बाहेरचा उजेड बदलतो तशी त्यांची छटा बदलत जाते. आम्ही आत बसलो तेव्हा त्या पांढुरक्या होत्या आणि बाहेर निघालो तेव्हा निळसर झाल्या होत्या.

यादीत नसलेल्या गावांतही थांबत जावे. फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० ग्रामपालिका आहेत आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी नगरपालिकेच्या घराजवळ किंवा चर्चपाशी पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्यांच्या नावांचा स्तंभ आहे. एका गावात आम्हाला मोजून बारा घरे दिसली आणि स्तंभावर नऊ नावे होती, त्यांपैकी तिघांचे आडनाव एकच होते. पत्नी बराच वेळ ती नावे वाचत बसली. त्या गावाचे नाव कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, परंतु त्या प्रवासातले पहिले नाव तिला आजही तेच आठवते.

झोपेच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. पुष्कळ गावांत चर्चचे घड्याळ रात्रीही ठोके देते, आणि काही ठिकाणी तर तासाचे ठोके दोन मिनिटांनी पुन्हा पडतात, पहिल्यांदा मोजायचे राहिले असतील त्यांच्यासाठी. याबद्दल तक्रार करून उपयोग होत नाही. खेड्यातले आवाज आणि वास हे तिथल्या वारशाचा भाग आहेत, असे जानेवारी २०२१ च्या एका कायद्याने मान्य केले आहे. त्यामुळे घर ठरवण्यापूर्वी मालकांना एवढेच विचारावे की चर्च किती अंतरावर आहे, घड्याळ रात्री वाजते का आणि झोपण्याची खोली कोणत्या बाजूस उघडते. गावापासून पायी दहा मिनिटांवरचे घर घेतले, तर पावाचे दुकानही हाताशी राहते आणि ठोकेही पुसट होतात. कोंबडा मात्र तिथे अधिक जवळ असण्याची शक्यता आहे, तेव्हा वहिनींसाठी कानात घालण्याचे बोळे बरोबर घ्यावेत.


वाटसरू

सार्लाजवळच्या एका घराच्या मालकीणबाईंना काल हेच तीन प्रश्न लिहून पाठवले होते. त्यांचे उत्तर आज सकाळी आले. चर्च ६०० मीटरांवर आहे, घड्याळ रात्री दहानंतर वाजत नाही, आणि झोपण्याची खोली अक्रोडाच्या बागेकडे उघडते. शेजाऱ्यांकडे कोंबडा आहे, हेही त्यांनी स्वतःहून कळवले आहे. पत्नीने पत्र वाचून होकार दिला आणि आम्ही सात रात्रींसाठी ते घर निश्चित केले. फिजाकच्या बाजूचे घर या आठवड्यात पाहतो.